चादरीची घडी

सोलापुरात सात रस्त्याला उभं राहून पत्ता विचारायचा असेल तर एकालाच विचारावा. दोघांना विचारला की दोन दिशा मिळतात आणि तिसरा न विचारता मध्ये पडतो. "सरळ जावा की," असं तो सांगतो. सात वाटा फुटणाऱ्या चौकात सरळ म्हणजे कुठं, हे त्याच्या हनुवटीच्या रोखावरून ओळखायचं. एक रस्ता स्टेशनकडं जातो, एक रंगभवनकडं, एक विजापूर रोडला. संगमेश्वर कॉलेज ही सगळ्यांची खूण. उरलेले मोजायला बसलं की वाद होतात. अमकी गल्ली रस्ता धरायची की नाही, यावर साताचे सहा होतात, नाहीतर आठ. पण नाव सात रस्ता म्हटल्यावर सोलापूरकर मोजत बसत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजही सातच, त्यामुळे या आकड्यावर गावाचा तसा लोभ आहे.

या चौकाजवळच्या एका सभागृहात शिक्षकांसाठी संगणकशास्त्राची परिषद भरली होती. पत्रात 'कृतिपर परिषद' असं छापलं होतं. 'परिषद' या शब्दाला शिक्षक घाबरत नाही. केंद्रावरची शिक्षण परिषद अंगवळणी पडलेली असते: सही करायची, बसायचं, वहीच्या शेवटच्या पानावर किराणाची यादी करायची, चहा घ्यायचा, फोटोत दुसऱ्या रांगेत उभं राहायचं. धाक 'कृतिपर'चा होता. कृती म्हणजे उठावं लागतं. आमच्या शाळेत ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असं फिरलं, की शेवटी ते माझ्यापुढंच थांबणार हे पहिल्या फेरीतच कळलं. "गणित तुम्हीच घेता ना मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. कॉम्प्युटर आणि गणित यांचा काहीतरी संबंध असतो, अशी त्यांची समजूत आहे, आणि या एका बाबतीत ती बरोबरही आहे.

शाळामास्तरांचा आणि कॉम्प्युटरचा परिचय जुना, पण अवघडलेला. शाळाशाळांतून संगणक आणायचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ सालचा. त्या योजनेचं नाव 'क्लास', आणि तिच्यातून बीबीसी मायक्रो नावाचे विलायती संगणक देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळांत गेले. आमच्या तालुक्यापर्यंत ते यंत्र आलं नसेल, पण त्याच्याभोवतीचं सोवळं मात्र व्यवस्थित पोचलं. कॉम्प्युटरची खोली म्हणजे चपला बाहेर. यंत्रावर फुलाफुलांचं आच्छादन. दाराला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडं आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. मुलं खिडकीच्या गजांतून दर्शन घेत. माझ्या ओळखीच्या एका शाळेत तर दसऱ्याला झेंडूची माळ घालण्यापुरतंच ते आच्छादन निघायचं.

पुढं २००१ मध्ये एमकेसीएल आलं, त्यापाठोपाठ त्यांचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला, आणि वेतनवाढ रोखली जाईल या भयानं महाराष्ट्रातल्या गुरुजनांनी माऊस हातात धरला. पन्नाशीतले गुरुजी आपल्याच जुन्या विद्यार्थ्याच्या क्लासात मागच्या खुर्चीवर बसून 'कट-पेस्ट' शिकत होते. नंतर ऑनलाइन माहिती भरायचं सरल आलं, यू-डायस आलं, पगाराचं शालार्थ आलं. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून पहाटे उठून माहिती भरणारी माणसं मी पाहिली आहेत. काकडआरतीला उठत नसतील इतक्या निष्ठेनं उठायची. जिल्हा परिषदेच्या बदल्या ऑनलाइन झाल्या तेव्हा तर संवर्ग एक कुणाचा, पती-पत्नी एकत्रीकरण कुणाला, कुणाला कोण खो देणार, याचा असा कीस निघाला की संगणकशास्त्राच्या प्राध्यापकानं येऊन पाहावा. एखादी कार्यपद्धती पायरीपायरीनं समजून घेणं, तिच्यातल्या अटी, अपवाद आणि पळवाटा शोधणं यालाच जर संगणकीय विचार म्हणत असतील, तर महाराष्ट्रातला शिक्षक त्यात पदवीधर आहे. फक्त पोटापाण्याचा प्रश्न असावा लागतो.

त्यात आमच्या जिल्ह्यावर एक गोड ओझं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचं 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी त्यांचं नाव जगभर झालं, आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अभिमान तर आहेच. पण तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यातला शिक्षक बाहेरगावी प्रशिक्षणाला गेला की प्रोजेक्टर बंद पडला तरी सगळे त्याच्याकडं बघतात.

तर असं हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही सभागृहात शिरलो, आणि आत कॉम्प्युटर नव्हता.

एकही नव्हता. टेबलावर रंगीत खडू होते, दोन रंगांचे पुठ्ठ्याचे चौकोन होते, सुतळीची गुंडी होती आणि एक नवीकोरी सोलापुरी चादर होती. चादर कुणाच्या तरी सत्कारासाठी असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. अक्कलकोटकडच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतले एक ज्येष्ठ गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पडद्यामागं डोकावलं आणि मला हळूच विचारलं, "कॉम्प्युटर कुठंय ओ बाई?" दिवसभरात हा प्रश्न निदान निम्म्या लोकांनी विचारला. चहावाल्यानंही विचारला.

कॉम्प्युटरशिवाय संगणकशास्त्र शिकवायची ही तऱ्हा आपल्याकडची नाही. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल, आणि त्यांच्याबरोबर माइक फेलोज आणि इयान विटन, यांनी १९९० च्या दशकात ती रुळवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलाला यंत्रापुढं बसवलं की ते यंत्राशीच खेळत बसतं. यंत्राच्या आत जो विचार चालतो तो हातापायांनी, खेळातून, अंगणात करून बघता येतो. भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' सुरू केली, तिचाही भर याच वाटेवर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर संगणकीय विचाराचं नावच घातलेलं आहे. हे सगळं परिषदेचे सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, सांगत होते तेव्हा मला वाटलं, न्यूझीलंडच्या माणसाला हे मुद्दाम शोधून काढावं लागलं; आमच्या शाळांची विजेची बिलं ज्या नेमानं थकतात ते पाहता प्लग न लावता शिकवायची परंपरा आमच्याकडं कधीचीच आहे.

पहिला खेळ सात रस्त्यावरच बेतलेला होता. तीन शिक्षकांना पुढं बोलावून त्यांच्या हातात तीन पुठ्ठे दिले: एकावर चार ठिपके, एकावर दोन, एकावर एक. पुठ्ठा दाखवायचा किंवा पाठ करायचा, एवढंच. चौकातल्या रस्त्यांना एक ते सात नंबर दिले आणि म्हणाले, पाचव्या रस्त्यानं जायचंय. चार दाखवला, दोन झाकला, एक दाखवला. सहाव्या? चार आणि दोन उघडे, एक झाकलेला. तीन माणसं, प्रत्येकाला दोनच पर्याय, आणि सातही रस्ते सांगून झाले. हो की नाही अशी तीन उत्तरं मिळाली तर सोलापुरातल्या सगळ्यात गोंधळाच्या चौकात माणूस चुकणार नाही! मग कुणीतरी विचारलं, तिघांनीही पुठ्ठे झाकले तर? ते आठवं उत्तर, शून्य. कुठल्याच रस्त्यानं जायचं नाही, चौकात मधोमध उभं राहायचं. "म्हणजे ट्रॅफिक पोलीस," मागून आवाज आला. मागची रांग तोवर रंगात आली होती.

मागच्या रांगेबद्दल सांगायलाच हवं. शिक्षक विद्यार्थ्याच्या जागी बसला की किती झटकन विद्यार्थी होतो! आयुष्यभर पोरांना पुढं बसवणारी माणसं आली ती थेट मागच्या भिंतीला टेकली. उर्दू माध्यमाचे दोन सर शेजारी बसून सारखे कुजबुजत होते. एक मॅडम बाकाखाली मोबाइल धरून बसल्या होत्या, आणि तो कसा धरला म्हणजे पुढून दिसत नाही, याचं त्यांचं ज्ञान थेट सातवी 'ब'कडून आलेलं होतं. सूचना संपायच्या आधी "झालं सर" म्हणणारे होते. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणणारे होते. मधल्या सुट्टीनंतर उशिरा येऊन "पाणी प्यायला गेलतो" सांगणारेही होते, आणि ते एका मोठ्या शाळेचे पर्यवेक्षक होते.

या मागच्या रांगेला पुढं आणलं ते रंगीत चौकोनांनी. सुलभकांनी उर्दू शाळेतल्या सरांना जमिनीवर पाच ओळी आणि पाच स्तंभ असे पंचवीस चौकोन मांडायला सांगितले, कुठला लाल कुठला पांढरा हे त्यांच्या मर्जीवर. मग "फारच सोपं होतंय, जरा वाढवतो" म्हणत स्वतः एक ओळ आणि एक स्तंभ जोडला. छत्तीस झाले. सुलभक भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, सरांनी एक चौकोन उलटला, आणि वळल्याबरोबर सुलभकांनी तो बरोबर दाखवला. पुन्हा केलं, पुन्हा दाखवला. मग जे झालं ते कुठल्याही वर्गात झालं असतं. "कुणीतरी खुणावतंय" म्हणून दोघांना बाहेर काढलं. खिडकी लावली. आरशासारखं चकाकतं म्हणून पाण्याचा जार हलवला. तरी चौकोन सापडतच राहिला.

शेवटी अक्कलकोटच्या गुरुजींनी गुडघ्यावर बसून बोटानं मोजायला सुरुवात केली. कन्नडमध्येच मोजत होते, ओंदु, एरडु, मूरु. प्रत्येक ओळीतले लाल मोजून झाल्यावर हसले. सुलभकांनी जोडलेली ओळ आणि स्तंभ मर्जीनं लावलेला नव्हता. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात लाल चौकोन सम संख्येनंच राहतील, असा तो भरलेला होता. एक चौकोन उलटला की एक ओळ आणि एक स्तंभ विषम होतो, आणि ते दोन जिथं एकमेकांना छेदतात तिथं चोर सापडतो. बाकाखाली मोबाइल धरलेल्या मॅडमनी लगेच विचारलं, "आणि दोन उलटले तर?" दोन उलटले तर काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, पण नेमके कुठले हे खात्रीनं सांगता येत नाही. "आणि चार? चौकटीचे चार कोपरे?" मग काहीच कळत नाही, सगळं सम दिसतं. या मॅडमच्या वर्गातल्या मुलांची मला काळजी वाटत होती, ती त्या क्षणी मिटली.

हे कळल्यावर सुलभकांनी जे सांगितलं त्यानं सभागृहात एक हुंकार उठला. आधार क्रमांकाचे आकडे बारा, पण त्यातला शेवटचा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. याकोबुस फेरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडलेली ती रीत आहे. एखादा आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले, तर ते हटकून पकडलं जातं. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. पहिलीतल्या पोराचा आधार नंबर टाकायचा, यंत्रानं 'अवैध' म्हणायचं, पुन्हा टाकायचा, पुन्हा 'अवैध', मग पालकाला फोन, मग पालक म्हणणार कार्ड गावाकडं आहे. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, दिल्लीत कुठंतरी सगळ्या देशाची यादी उघडून ते यंत्र आपल्या पोराचं नाव शोधतं आणि सापडलं नाही की नाही म्हणतं. निदान आकड्याची चूक पकडायला यादी लागत नाही. आकड्याच्या पोटातच त्याचा पहारेकरी बसलेला असतो. माझ्या पुढच्या बाकावरच्या मॅडम पुटपुटल्या, "एवढं आधी सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्या ऑपरेटरला बोलले नसते."

दुपारच्या जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी होती. त्याबद्दल सोलापुरात वेगळं लिहायचं कारण नाही. एवढंच, की जेवणानंतरच्या सत्रात शिक्षकाला जागं ठेवणं हे जगातल्या कुठल्याही शिक्षणशास्त्राला न सुटलेलं कोडं आहे आणि आयोजकांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी चादर बाहेर काढली.

इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या दोन मुली पुढं येऊन उभ्या राहिल्या. या यंत्रमानव, असं सांगण्यात आलं. सांगाल तेवढंच करतील, मनानं काही करणार नाहीत. यांच्याकडून चादरीची घडी घालून घ्या. काम सोपं असल्यानं कुणी पुढं यायला तयार होईना, तेव्हा सगळ्यांनी मिळून क्रीडाशिक्षकांना ढकललं. हे सर उभ्या जन्मात ध्वनिक्षेपक न वापरता हजार पोरांची कवायत घेणारे. त्यांनी पाय जुळवले, छाती भरून घेतली आणि हुकूम सोडला, "चादरीची घडी घाला!"

मुली हलल्या नाहीत. "सूचना समजली नाही."

"टोक धरा."

दोघींनी एकच टोक धरलं.

"वेगवेगळी टोकं धरा की!"

दोघींनी वेगवेगळी धरली. समोरासमोरची नाही, तिरकी. चादर मध्ये पिळा पडल्यागत लोंबायला लागली. सरांनी डावा-उजवा सांगितला, पण मुली एकमेकींकडं तोंड करून उभ्या, त्यामुळं एकीचा डावा तो दुसरीच्या बाजूनं उजवा. कवायतीत सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. हा पेच सरांना नोकरीत कधी पडला नव्हता. कशीबशी चार टोकं चार हातांत आली. "आता जवळ या," सर म्हणाले. त्या जवळ आल्या. आणखी जवळ आल्या. एकमेकींना धडकल्या तरी चालतच राहिल्या, कारण थांबा असं कुणी म्हटलं नव्हतं. "थांबा!" सर ओरडले, आणि चादर दोघींच्या मध्ये बोळा होऊन अडकली. त्यानंतर बराच वेळ सभागृहातले सगळे एकदम सूचना देत होते, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, दखनीत, आणि त्या दोघी गंभीर चेहऱ्यानं प्रत्येक सूचना तंतोतंत पाळत होत्या. एका क्षणी एकीचं डोकं चादरीत होतं. घाम पुसत सर म्हणाले, "ह्यापेक्षा माझी तिसरीतली पोरं बरी बे. नुसतं 'घडी' म्हटलं की घालतात."

सर चिडून बोलले, पण दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं. आपण वर्गात जातो आणि म्हणतो, "वह्या काढा." चाळीस वह्या निघतात. कुठल्या विषयाची, कुठल्या दप्तरातली, उघडायची की नुसती पुढ्यात ठेवायची, यातलं काहीच आपण सांगितलेलं नसतं. ते सगळं मुलं भरून काढतात. बाईंचा चेहरा बघून, वार बघून, शेजाऱ्याची वही बघून. "खालील गणितं सोडवा" म्हटल्यावर कुणी फळ्याच्या खाली बघत नाही. आपली अर्धीमुर्धी वाक्यं, मधेच सोडलेले हातवारे, 'ते हे आण रे तिकडचं' असल्या आज्ञा, हे सारं ती पोरं दयेनं पुरं करून घेतात, आणि आपण समजतो की आपण फार स्पष्ट शिकवतो. रजेच्या अर्जाखाली मुलं 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहितात ते शिष्टाचार म्हणून. खरा आज्ञाधारक विद्यार्थी कसा असतो ते त्या दिवशी पाहिलं. असा एक जरी वर्गात असता तर दुपारच्या आत राजीनामा दिला असता.

चादर एव्हाना जमिनीवर होती. शहराच्या पूर्व भागातल्या शाळेतले एक सर, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारे, दिवसभर फारसे बोलले नव्हते. त्यांनी ती उचलली, झटक्यात चौपदरी घडी घातली आणि वरची मयूरपंखाची नक्षी तळव्यानं सारखी केली. मग म्हणाले, "घडी घालायला एवढा दंगा झाला. ही विणताना प्रत्येक धाग्याला सांगावं लागतं, तू वर ऊठ, तू खाली राहा. कोण सांगतं माहितेय का?"

त्यांच्या वडिलांची हयात यंत्रमागावर गेली होती, आणि सर लहानपणी शाळा सुटल्यावर मागावरचे भोकं पाडलेले पुठ्ठे ओवून द्यायचे. ते सांगायला लागले आणि सुलभकांनी शहाणपणानं खडू त्यांच्या हाती दिला. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकट रंगवून. त्या कागदाची एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. जिथं धागा उचलायचा तिथं भोक, नाही तिथं कोरं. असे पुठ्ठे सुतळीनं एकापुढं एक ओवून त्यांची लांबच लांब माळ मागाच्या डोक्यावर चढवायची, तिथं जेकॉर्ड नावाचा साचा असतो. दर वेळी एक पुठ्ठा सुयांच्या रांगेपुढं येतो. भोक असेल तिथून सुई पार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि उचलला जाऊन आपला धागा वर नेतो. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हूक बाजूला सरतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून आडवा धागा धावतो. पुढचा पुठ्ठा. मोराला मोर माहीत नाही, मागाला मोर माहीत नाही, पुठ्ठ्याला तर नाहीच. पुठ्ठ्याला एवढंच ठाऊक, भोक आहे किंवा नाही.

सकाळचे ते तीन पुठ्ठे, दाखवलेले आणि झाकलेले, कुणाला आठवले नसतील असं नाही.

पुढचं सुलभकांनी सांगितलं. फ्रान्सच्या ल्याँ शहरात जोसेफ मारी जकार्ड या माणसानं १८०४ च्या सुमारास हा साचा बसवला. लंडनच्या चार्ल्स बॅबेजला तो इतका भावला की आपल्या ॲनालिटिकल इंजिनला सूचना आणि आकडे भरवायला त्यानं अशाच भोकांच्या पुठ्ठ्यांची योजना केली. जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र त्याच्या संग्रही होतं. ते विणायला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. हे इंजिन बीजगणिताची तशीच वीण घालील जशी माग फुलापानांची घालतो, अशा अर्थाचं एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये लिहून ठेवलं. बॅबेजचं इंजिन पुरं झालं नाही. पण १८९० मध्ये अमेरिकेची खानेसुमारी हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर उरकली, आणि ती कार्डं पुढं कित्येक दशकं कॉम्प्युटरच्या पोटात जात राहिली.

इथं आमच्यातल्या एकांनी तत्काळ जाहीर केलं, की म्हणजे कॉम्प्युटरचा शोध सोलापुरातच लागला. संध्याकाळपर्यंत हे व्हॉट्सॲपवर जाणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. शोध काही सोलापुरात लागला नाही. पण ज्या गावाच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जिथं घरोघरी मागाचा खडखडाट ऐकत पोरं झोपली, त्या गावात आम्ही कॉम्प्युटरला कुलूप लावून त्याच्यावर फुलाफुलांचं आच्छादन घालून ठेवलं, ही गंमत मला शोधापेक्षा मोठी वाटते. पूर्व भागातल्या सरांना कुणीतरी विचारलं, पुठ्ठा चुकीचा ओवला तर? "मोराची मान वाकडी यायची," ते म्हणाले. "बाप कान वाकडा करायचा. मग पुठ्ठा शोधायचा." संगणकवाले यालाच डिबगिंग म्हणतात, आणि त्यांना त्याचे चांगले पैसे मिळतात.

शेवटचा खेळ बाहेर अंगणात. सोलापूरचं दुपारचं ऊन कलायची वाट बघून, खडूनं जमिनीवर वर्तुळं आणि रेघा काढल्या होत्या. सहा जणांनी सहा आकडे घेऊन एका टोकाला उभं राहायचं. रेघेनं चालत वर्तुळात दोघं भेटले की लहान आकडा डावीकडं, मोठा उजवीकडं. अशा बारा भेटी झाल्या की पलीकडच्या टोकाला सहाही जण आपोआप क्रमानं उभे. कुणालाही सगळ्या रांगेचा हिशोब ठेवावा लागत नाही, समोरच्या एकाशी तुलना केली की पुरे, आणि एकाच वेळी तीन-तीन भेटी होतात म्हणून काम झपाट्यानं उरकतं. साताला सोळा भेटी लागतात. आकडे घेऊन तो खेळ तीनदा बिनबोभाट झाला.

मग कुणाला तरी सुचलं, की आकड्यांऐवजी सेवाज्येष्ठता घेऊ.

हे सुचवणाऱ्याला शिक्षकांची काहीच माहिती नसावी. पहिल्या वर्तुळात अक्कलकोटचे गुरुजी आणि क्रीडाशिक्षक भेटले आणि तिथंच थांबले. दोघांच्या नेमणुकीची तारीख एकच. आता नियमाप्रमाणं जन्मतारीख बघायची. गुरुजी म्हणाले १ जून. सर म्हणाले १ जून. सालही तेच. मागं उभे असलेले आणखी दोघं म्हणाले, आमचीही १ जूनच. शाळेत पोर दाखल करताना बापाला तारीख आठवली नाही की मास्तर १ जून लावून मोकळे व्हायचे. आमच्या आधीच्या मास्तरांनी केलेली ती सोय अशी अंगणात येऊन उभी राहिली. सुलभक समजावत होते, की दोन्ही आकडे सारखे असतील तर कोण डावीकडं आणि कोण उजवीकडं गेलं यानं काही बिघडत नाही. कॉम्प्युटरला बिघडत नसेल. गुरुजी वर्तुळातून हलेनात. "मी सकाळी हजर झालतो," ते म्हणाले, "ह्ये दुपारी." त्यांच्या मागं रेघांवर सगळी वाहतूक तुंबली, आणि सर ऑर्डरची झेरॉक्स घरून मागवायच्या विचारात असताना चहा आला.

निरोपाआधी अभिप्राय. गटावर लिंक आली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच सगळ्यांनी राजरोस मोबाइल बाहेर काढले. नाव, शाळा, तालुका, भोजन व्यवस्था कशी वाटली. मग प्रश्न आला: प्रशिक्षणात संगणकाचा वापर किती टक्के झाला? गुरुजींनी विचार करून शून्य टाकलं. फॉर्मनं तांबडी ओळ दाखवली आणि पुढं जाऊ देईना.

"शून्य घेत नाही म्हणतंय."

"मग शंभर टाका, विषय संपवा," क्रीडाशिक्षक म्हणाले.

"खोटं कसं टाकायचं? एकही कॉम्प्युटर नव्हता की."

वाद वाढला. कुणी म्हणालं माइक धरायचा, कुणी म्हणालं पंखा. तेवढ्यात त्या दोन आणि चार चौकोनांवाल्या मॅडम, स्वतःचा फोन कानाशी नेऊन पर्स शोधता शोधता, म्हणाल्या, "अहो गुरुजी, तुम्ही हातात काय धरलंय? हा फॉर्म भरताय तो संगणकाचाच वापर झाला ना? टाका एक टक्का."

गुरुजींनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला, आणि १ दाबला. फॉर्म पुढं सरकला. पुढचा प्रश्न होता, आपली सेवाज्येष्ठता वर्षांत लिहा.